न गेलेल्या गाड्या

माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात एक आकृती होती. त्या आकृतीप्रमाणे कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका गोदामात कित्येक वर्षं ट्रक नुसते येत होते आणि त्यांतला एकही बाहेर पडलेला नव्हता. ती मी स्वतः काढली होती, माझ्या मार्गदर्शकांनी तिच्यावर सही केली होती आणि विद्यापीठाच्या समितीने ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा मारला होता. त्या गोदामाच्या आवारात एका वेळी फार तर दहा-बारा ट्रक मावतात. हे मला पक्कं माहीत होतं, कारण वर्षभर मी दर शनिवारी तिथे जाऊन बसत होते. तरी आकृती काढताना मला काही खटकलं नाही. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो आणि हसूही येतं.

मी पनवेलच्या एका कॉलेजात संगणक शिकवते, राहते कामोठ्यात. चाळिशी उलटल्यावर पीएच.डी.ला बसले, कारण त्याशिवाय बढती नाही असं कळलं. ज्ञानाची ओढ वगैरे कारणं मला मुलाखतीच्या आदल्या दिवशी सुचली. विषयाचं नाव दोन ओळींचं होतं आणि ते मी प्रत्येक वेळी कागदात बघूनच सांगत असे. धंद्यातल्या माहिती-यंत्रणा उभारण्याआधी तिथलं काम आणि तिथली माहिती यांचा नकाशा कसा काढावा, असं काहीसं ते होतं. सोप्या भाषेत सांगायचं तर एखाद्या ठिकाणी काम कसं चालतं ते चौकोन, बाण आणि शंकरपाळ्यांनी काढून दाखवायचं. चौकोन म्हणजे काम, बाण म्हणजे पुढे काय, शंकरपाळं म्हणजे निर्णय: हो असेल तर इकडे, नाही असेल तर तिकडे. सुरुवातीला एक बारीक वर्तुळ आणि शेवटी एक जाड वर्तुळ. जाड वर्तुळावर माझ्या मार्गदर्शकांचा फार जीव होता. ज्याला शेवट नाही ती प्रक्रियाच नव्हे, असं ते म्हणत आणि स्वतःचं व्याख्यान मात्र कधी संपवत नसत.

अभ्यासाला एक खरीखुरी जागा लागते. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील लोखंडाचे व्यापारी निघाले. सळया, अँगल, पत्र्याच्या कॉइली असा त्यांचा माल, आणि कळंबोलीत गोदाम. शेठ मोठ्या मनाचे होते. म्हणाले, या, बसा, काय चित्रं काढायची ती काढा, चहा पाठवतो. फक्त शेवटी एवढं सांगा की आपल्याला गेटवर माणूस लागतो की नाही. कॅमेरा आणि कॉम्प्युटर बसवला तर त्याला घरी पाठवता येईल का. मी म्हणाले, ते आकृती सांगेल. हे मी अगदी सहज म्हणाले, जसं काही आकृती म्हणजे मी नव्हेच.

गेटवरचे काका बाजूच्याच गावचे. गोदाम उघडलं त्या दिवसापासून ते गेटवर होते. आता जिथे वजनकाटा आहे तिथे त्यांच्या वडिलांच्या शेताचा बांध होता आणि जिथे त्यांची खुर्ची आहे तिथे भाताचं खळं. हे ते तक्रार म्हणून सांगत नसत, कुणाला पत्ता सांगावा तसं सांगत. गावातले त्यांच्या वयाचे लोक घरोघरी टीव्हीसमोर बसलेले असत. काकांना ते सगळे आजारी वाटत. पैशाची त्यांना ददात नव्हती, मुलगे कमावते होते. पण ती खुर्ची गेली असती तर त्यांना त्यांच्याच शेतात पाऊल टाकायला गेटपास लागला असता. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, म्हणून पुढचं सगळं मला जास्त लागलं.

मुलाखत घेण्याची आमची शास्त्रशुद्ध पद्धत असते. समोरच्याला फक्त ‘मग पुढे काय होतं?’ एवढंच विचारत राहायचं. मी विचारलं, गाडी आली की तुम्ही काय करता? ते म्हणाले, थांबवतो. मग? बघतो. काय बघता? गाडी. मग? मग डायवर पानी पितो. मी चौकोनात ‘पाणी’ लिहिलं. पुढे विचारलं, कागद बरोबर आहेत का ते बघता ना? बघतो. मी आनंदाने शंकरपाळं काढलं. बरोबर असतील तर? आत सोडतो. नसतील तर? काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, बरोबर करून घेतो. मग आत सोडतो. म्हणजे माझ्या शंकरपाळ्यातून दोन बाण निघाले आणि दोन्ही एकाच चौकोनात जाऊन पडले. मार्गदर्शकांनी ते बघून कपाळाला हात लावला. निर्णयाला दोन वाटा हव्यात, म्हणाले. मी काकांना पुन्हा विचारायला गेले, की अशी एखादी गाडी सांगा जी तुम्ही परत पाठवली. त्यांना वाईट वाटलं. माझ्यासाठी त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं, पण एकही सापडली नाही.

मुलाखतीत दम नाही म्हटल्यावर मी नोंदवह्यांकडे वळले. काकांच्या वह्या म्हणजे माझ्या अभ्यासाचं सोनं होतं. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, ओळीने मांडलेल्या, प्रत्येक गाडीची वेळ, नंबर, ड्रायव्हरचं गाव आणि शेवटच्या रकान्यात शेरा. दर गाडीच्या दोन ओळी. पहिल्या ओळीत शेरा ‘आली’, क्वचित ‘आला’ किंवा ‘आलीय’. दुसऱ्या ओळीत शेरा ‘येते’. मे महिन्याची सगळी सुट्टी मी त्या वह्या संगणकात भरण्यात घालवली. घरी पापड-कुरडया माझ्या वाटच्या राहिल्या, त्याबद्दल सासूबाईंनी वर्षभर ऐकवलं.

माहिती भरून झाली की ती साफ करायची असते. एकाच गोष्टीला दहा जण दहा शब्द वापरतात, ते सगळे गोळा करून एक ठरलेला शब्द ठेवायचा. मला हे काम मनापासून आवडतं. नीटनेटकं वाटतं. ‘आली’, ‘आला’, ‘आलीय’, ‘येते’ हे सगळे शब्द येण्याचे. काकांचं व्याकरण कच्चं आहे, काळाचा घोळ करतात, असं म्हणून मी कौतुकाने हसले आणि सगळ्यांच्या जागी एकच शब्द टाकला: ‘आगमन’. एका कळीसरशी हजारो ओळी स्वच्छ झाल्या. मी उठून चहा केला.

मग आकृती काढणाऱ्या सॉफ्टवेअरला ती माहिती खाऊ घातली आणि त्याने ती सुप्रसिद्ध आकृती काढली. बारीक वर्तुळ, आगमन, पुन्हा आगमन. जाड वर्तुळ नाही. माझ्या मार्गदर्शकांनी ती हातात घेतली. मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, बाई, ही फार मोठी तुंबणूक आहे. मी दबकत म्हणाले की सर, तिथे एवढ्या गाड्या दिसत मात्र नाहीत. त्यावर ते म्हणाले की दिसणं हा एका माणसाचा अनुभव झाला, नोंद म्हणजे पुरावा. समितीतल्या एका सदस्यांनी तर आवाराच्या क्षमतेचा अभ्यास पुढच्या प्रकरणात घ्यावा असं सुचवलं. दुसऱ्यांनी विचारलं की गाड्या एकावर एक ठेवतात का. मी ‘तपासून सांगते’ असं उत्तर दिलं, आणि ते इतिवृत्तात आलं.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण कबूल केल्याप्रमाणे अहवालाची एक प्रत मी शेठना दिली. पुढच्या शनिवारी गेटवर गेले तर काका पाणी विचारायचे विसरले. त्यांच्या हातात एक टाईप केलेली नोटीस होती. आत आलेल्या गाड्यांच्या बाहेर जाण्याची एकही नोंद आपण ठेवलेली नाही, तरी सदर गाड्या कुठे आहेत याचा सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. खाली शेठची सही. शेठची केबिन गेटच्या बरोबर समोर आहे. तिची खिडकी एवढी मोठी की बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीचा धूर त्यांच्या चहात येतो.

मी तशीच केबिनमध्ये गेले. शेठना म्हणाले, तुम्ही स्वतः रोज गाड्या जाताना बघता ना? ते म्हणाले, बघतो ना, आत्ताच एक गेली. मग ही नोटीस कशासाठी? शेठनी माझा अहवाल उघडून माझ्यासमोर धरला. मॅडम, तुम्ही शिकलेल्या, विद्यापीठाचा शिक्का आहे, म्हणाले. माझ्या डोळ्यांचं काय, चष्मा आहे.

मी परत येऊन काकांच्या शेजारी स्टुलावर बसले. शरम वाटत होती आणि चूक कुठे झाली ते अजून कळत नव्हतं. बसून बसून शेवटी उठले आणि सवयीने म्हणाले, ‘येते काका.’ त्यांनी मान हलवली, वही ओढली आणि माझ्यासमोर एका ओळीत लिहिलं: वेळ, मॅडम, कामोठे, आणि शेवटच्या रकान्यात ‘येते’.

मी तिथेच परत खाली बसले. जन्मापासून घराबाहेर पडताना मी हाच शब्द म्हणत आले आहे. लहानपणी एकदा ‘जाते’ म्हणाले तर आईने चपला काढायला लावून मला परत आत घेतलं होतं आणि पुन्हा नीट बाहेर पाठवलं होतं. आमच्यात कोणी जात नाही. सगळे येतात. आणि मी, मराठी घरात वाढलेली बाई, संगणकासमोर बसल्यावर हे साफ विसरले होते. काकांचं व्याकरण एकदम पक्कं होतं.

‘तुम्ही गेली असं का नाही लिहीत?’ तरी मी विचारलं.

‘गेली नाय लिवायची, बाय. गेला म्हंजे काय होतो, तुमाला काय सांगू?’ ते म्हणाले. ‘रस्त्यावरची मानसा हायत. इथून निगून पळस्प्याच्या फाट्याला वळतात, पुढं गोव्याचा रस्ता, रोज कोन ना कोन आपटतो.’

मी मास्तरकी सोडली नाही. विचारलं, कधी कोणाच्या बाबतीत काही झालंय का, गेली लिहिल्यामुळे?

‘कसा होईल? मी कवा लिवलाच नाय.’

आमच्या संशोधनातले बरेचसे निष्कर्ष याहून कच्च्या पायावर उभे असतात.

चूक सापडली तेव्हा वाटलं, झालं, सुटले. मार्गदर्शकांना सांगितलं तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, तुंबणुकीसाठी. दुरुस्ती म्हणजे पुन्हा समिती, पुन्हा सह्या. त्यापेक्षा तळटीप देऊ, म्हणाले. मी पहिल्यांदा त्यांच्यावर चिडले. तळटिपेत एका माणसाची नोकरी मावत नाही, असं काहीतरी बोलले आणि दुरुस्त आकृती घेऊन शेठकडे गेले. शेठनी नोटीस फाडली. पण एवढा घोळ होतो तर वही नकोच, असं त्यांनी ठरवलं. गेटवर कॉम्प्युटर येणार, काका तो चालवणार, आणि चालवता आला नाही तर मग मात्र कॅमेरा. त्या यंत्रणेतल्या नोंदींचा तक्ता कसा असावा हे मीच लिहून दिलं. गाडीची स्थिती: दोनच पर्याय, आली किंवा गेली. तिसरं काही आत जाणारच नाही अशी सोय केली. तक्त्यावर शेवटचा हात फिरवताना माझ्या डोक्यात काका नव्हते. तो तक्ता एवढा सुटसुटीत झाला होता की त्याला नमुना म्हणून परिशिष्टात घातला.

यंत्रणा सुरू झाली त्या सोमवारी मी रजा काढून गेले. पडद्यावर दोन बटणं होती. हिरवं ‘आली’, लाल ‘गेली’. लाल दाबलं की आडवा दांडा वर जाणार. काकांनी ठेवणीतला शर्ट घातला होता. पहिली गाडी आली, त्यांनी हिरवं दाबलं. दुसरी आली, हिरवं. बोट अगदी तयारीचं पडत होतं. मग पहिली गाडी माल भरून बाहेर जायला उभी राहिली आणि काकांनी हात मांडीवर ठेवले.

शेठनी खिडकीतून खूण केली. मी समजावलं, हे नुसतं बटण आहे. काका हसून मला म्हणाले की मंग तुमीच दाबा. मी बोट पुढे केलं तर ड्रायव्हर ट्रकमधून खाली उतरला. हे बटण काय म्हणतं ते त्याने आधीच विचारून घेतलं होतं. तो हात जोडून म्हणाला की मॅडम, माझ्या गाडीवर नको, मागच्यावर दाबा. मागचा म्हणाला, त्याच्या मागच्यावर. तोवर बाहेरून गाड्या येतच होत्या आणि काका त्यांच्यासाठी मनापासून हिरवं दाबत होते. दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत आवार गच्च भरलं. वजनकाट्यावर एक गाडी वजन न करता नुसतीच उभी होती. बाहेर रांग बाजाराच्या चौकापर्यंत गेली, भोंगे वाजू लागले, आणि आत एकही गाडी हलत नव्हती.

शेठ केबिनमधून बाहेर आले, आवाराकडे बघितलं आणि माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात आदर होता.

‘मॅडम, तुमच्या चित्रात होतं तेच झालं की.’

मग तो आदर संपला. चार वाजेपर्यंत गाड्या सुटल्या नाहीत तर काका उद्यापासून घरी, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. काकांनी खुर्चीचे हात दोन्ही बाजूंनी घट्ट धरले. मी सॉफ्टवेअरवाल्या मुलीला फोन केला, बटणावरचा शब्द बदल म्हणून. तिने सांगितलं की बदलाची विनंती लेखी लागते, मंजुरीला आठवडा लागतो, आणि हा नियम तुमच्याच दस्तऐवजात आहे, मॅडम.

मी केबिनमधून पांढरी चिकटपट्टी आणि स्केचपेन आणलं. पट्टीवर ठळक अक्षरात ‘येते’ लिहिलं आणि पडद्यावर लाल बटणाच्या जागी चिकटवलं. काकांनी चष्मा लावून वाचलं. मग विचारलं:

‘न् आत? आत काय लिवतो तो?’

आत काय लिहिलं जातं ते मला ठाऊक होतं. तक्ता माझाच होता. वर काहीही चिकटवा, आत ‘गेली’च पडणार होतं. घड्याळात साडेतीन वाजत आले होते. मी कीबोर्डकडे बघत म्हणाले, ‘येते.’

काकांनी बटण दाबलं. दांडा वर गेला. एकामागून एक गाड्या बाहेर पडायला लागल्या, ड्रायव्हर काकांना हात करत होते, काका प्रत्येकाला मान डोलवत होते. सगळे खूश होते. मी वजनकाट्यामागच्या छोट्या फाटकातून कोणालाही न सांगता निघून आले.

त्यानंतर मी तिथे गेले नाही. प्रबंध पुरा करायचा होता, हे कारण होतंच. पण रोज सकाळी पेपर आला की मी आधी पळस्प्याची बातमी शोधायचे. ट्रक उलटला, ट्रक धडकला असं काही दिसलं की गाडीचा नंबर दिलाय का बघायचे आणि नसला की बरं वाटायचं, असला की तो परत परत वाचायचे. मी संगणक शिकवते. वर्गात मुलांना सांगते की तक्त्यात लिहिलेल्या शब्दाने जगात काही होत नाही. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून महामार्गावरचे ट्रक बघताना मात्र वाटायचं की या सगळ्यांच्या नावापुढे मी तो शब्द लिहून ठेवलाय, काकांच्या बोटाने.

प्रबंध मंजूर झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलंच की दुरुस्त आकृतीत शेवटी ‘येते’ आहे, मग जाड वर्तुळ कुठे आहे. माझ्या मार्गदर्शकांनी माझ्याआधी उत्तर दिलं की इथल्या प्रक्रियेला ते लागत नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी मी पेढे घेतले आणि कळंबोलीला गेले.

काका खुर्चीवर होते. चिकटपट्टी पिवळी पडली होती पण जागेवर होती. मी पेढा दिला आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. आत ‘गेली’ पडतं, त्या दिवसापासून पडतंय, मी खोटं बोलले.

काकांनी पेढा संपवला, बोटं पुसली.

‘ठावं हाय,’ ते म्हणाले. ‘तुमाला खोटा बोलता येत नाय, बाय. खाली बघून बोललात.’

मग त्यांनी पाय थोडे बाजूला घेतले आणि खुर्चीखालून लाल पुठ्ठ्याची वही काढली. नवीन होती, निम्म्याहून जास्त भरलेली. मशीन मशीनचं लिहितं, मी माझं लिहितो, असं म्हणून त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. रोजच्या गाड्या, दर गाडीच्या दोन ओळी, आली आणि येते. एकही चुकलेली नव्हती. मी मागे मागे पानं उलटत त्या सोमवारपर्यंत गेले. दुपारभर नुसत्या ‘आली’च्या ओळी होत्या, मग साडेतीननंतर ‘येते’ची मोठी रांग. त्या रांगेच्या मधेच एक ओळ होती. मॅडम, कामोठे, येते. त्या दिवशी निघताना मी त्यांना काही म्हणालेच नव्हते.